ढग कोसळत का नाही? ताऱ्यांच्या जन्मातलं चुंबक

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा भाग खरं तर माझ्या एका चुकीमुळे झालाय. काही भागांपूर्वी आपण तारे कसे जन्मतात यावर बोललो होतो. तेव्हा मी अगदी ठासून सांगितलं होतं, की अवकाशात वायूचा आणि धुळीचा मोठा ढग असतो, तो स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो, मध्यभाग तापतो, आणि झाला तारा. पाच मिनिटांत विषय संपवला होता मी.

त्यावर एका श्रोत्याचा मेसेज आला. अकरावीत शिकतो. एकच ओळ लिहिली होती: "दादा, मग सगळे ढग आतापर्यंत कोसळून संपले का नाहीत?"

मी उत्तर टाईप करायला घेतलं. खोडलं. परत घेतलं. परत खोडलं. कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि वाचायला बसलो तेव्हा कळलं, की हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांना गेली पन्नास वर्षं छळतोय. तर भावा, तुझ्या त्या एका ओळीचं उत्तर द्यायला मला हा अख्खा भाग लागतोय.

आधी त्याचा प्रश्न किती नेमका होता ते बघू. आपल्या आकाशगंगेत अशा थंड, रेणूंच्या ढगांमध्ये मिळून साधारण शंभर कोटी सूर्य होतील इतका वायू आहे. अशा ढगाला आधार द्यायला काहीच नसेल, नुसतं गुरुत्वाकर्षण असेल, तर तो तीस-पन्नास लाख वर्षांत कोसळायला हवा. तीस-पन्नास लाख वर्षं आपल्याला खूप वाटतात, पण आकाशगंगेचं वय हजार कोटी वर्षांहून जास्त आहे. तिच्या हिशेबात हे म्हणजे चहा उकळेपर्यंतचा वेळ. आता भागाकार करा. शंभर कोटी सूर्यांचा वायू, भागिले चाळीस लाख वर्षं. वर्षाला अडीचशे सूर्य तयार व्हायला हवेत. प्रत्यक्षात होतात किती? साधारण दोन. अडीचशेच्या जागी दोन! १९७४ साली ही विसंगती पहिल्यांदा ठळकपणे मांडली गेली, आणि तेव्हापासून "ब्रेक कोण लावतंय?" हा प्रश्न उभा आहे.

आणि हा नुसता हिशेबाचा खेळ नाही. ब्रेक नसता, तर आकाशगंगेने आपला बराचसा वायू सुरुवातीलाच उधळून टाकला असता. आपला सूर्य साधारण ४६० कोटी वर्षांपूर्वी जन्मला, म्हणजे आकाशगंगा चांगली म्हातारी झाल्यावर. तोपर्यंत त्याच्यासाठी वायू शिल्लक राहिला, कारण काहीतरी हात आखडता घेत होतं.

त्या ब्रेकच्या संशयितांमध्ये एक नाव सारखं येतं, ते म्हणजे चुंबकीय क्षेत्र. हे नाव ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो. चुंबक? फ्रिजला चिकटवतो तो? ढगाला काय करणार तो?

इथे जरा थांबून एक गंमत सांगतो. माझा मावसभाऊ, गाडी चालवताना पोलरॉइड गॉगल घालतो. मध्यंतरी आम्ही घाटात थांबलो होतो. याने मॅप बघायला फोन काढला, नीट दिसावा म्हणून आडवा केला, आणि स्क्रीन एकदम काळी! उभा केला, दिसतंय. आडवा केला, काळी. हा घाबरला. म्हणे डिस्प्ले गेला, आता चार-पाच हजारांचा चुना. मी त्याच्या डोळ्यांवरचा गॉगल काढला. डिस्प्ले परत आला.

झालं काय होतं? प्रकाश ही लाट आहे. साध्या प्रकाशात त्या लाटा सगळ्या दिशांनी थरथरत असतात. काही फोनच्या स्क्रीनमधून मात्र एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश बाहेर पडतो. याला पोलरायझेशन म्हणतात, आपल्या पाठ्यपुस्तकात ध्रुवीकरण. गॉगलची काच पण एकाच दिशेचा प्रकाश आत सोडते. दोघांची दिशा जुळली तर दिसतं, काटकोनात गेली तर अंधार. तुमच्याकडे असा गॉगल असेल तर करून बघा. सगळ्या फोनवर होत नाही, त्यामुळे नाही झालं तर मला शिव्या देऊ नका.

हा गॉगल लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर चालते.

१९४० च्या दशकात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर अमेरिकेत यर्किस वेधशाळेत काम करत होते. हो, तेच चंद्रशेखर, ज्यांना पुढे १९८३ चं नोबेल मिळालं. त्यांनी गणित मांडलं, की खूप तप्त ताऱ्याच्या कडेकडून येणारा प्रकाश थोडा पोलराइज्ड असायला हवा. मग विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल हे दोन निरीक्षक ते शोधायला लागले. त्यांनी एकमेकांभोवती फिरणारे जोडतारे निवडले. एक तारा दुसऱ्याला झाकतो तेव्हा फक्त कड दिसते, म्हणजे पोलरायझेशन वाढायला हवं. साधी युक्ती.

पोलरायझेशन सापडलं. पण ते वाढेना, कमी होईना. ग्रहण लागो न लागो, तेवढंच. आणि कहर म्हणजे, शेजारच्या भलत्याच ताऱ्यांच्या प्रकाशातही तीच दिशा! म्हणजे हे त्या ताऱ्याचं काम नव्हतंच. ताऱ्यापासून आपल्यापर्यंतच्या वाटेत काहीतरी गॉगलसारखं बसलेलं होतं. १९४९ मध्ये दोघांनी आपापले निष्कर्ष छापले.

तो गॉगल म्हणजे धूळ. अवकाशातली धूळ म्हणजे आपल्या कपाटावरची नव्हे, धुराच्या कणांइतकी बारीक. हे कण गोल नसतात, थोडे लांबट असतात. आणि आसपास चुंबकीय क्षेत्र असेल तर ते स्वतःभोवती फिरता फिरता एका शिस्तीत येतात: लांब बाजू क्षेत्राला आडवी. असे कोट्यवधी कण एका शिस्तीत उभे राहिले, की लांब बाजूच्या दिशेने थरथरणारा प्रकाश जास्त अडतो, दुसरा जास्त पार होतो. झाला गॉगल. म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाचं पोलरायझेशन मोजलं, की वाटेतल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कळते. शोधायला गेले ताऱ्याची कड, हाती लागलं आकाशगंगेचं चुंबक.

दिशा कळली. पण जोर किती?

याचं उत्तर १९५३ मध्ये चंद्रशेखर आणि एन्रिको फर्मी या जोडीने दिलं. लिओनार्ड डेव्हिस यांनीही दोन वर्षं आधी स्वतंत्रपणे तसाच विचार केला होता. मला या भागाची तयारी करताना सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी आठवा. सैल असेल तर वाऱ्याने सारखी हेलकावे खाते. कडक ताणलेली असेल, तर त्याच वाऱ्यात जेमतेम थरथरते. म्हणजे वारा किती आहे आणि दोरी किती जड आहे हे माहीत असेल, तर तिचे हेलकावे बघून ताण किती ते सांगता येतो, दोरीला हात न लावता. चुंबकीय रेषा ही दोरी. वायूची घालमेल हा वारा. पोलरायझेशनच्या दिशा इकडेतिकडे किती विस्कटल्यात, हे हेलकावे. त्यांनी हिशेब केला आणि उत्तर आलं सुमारे सात मायक्रोगॉस. आज इतक्या आधुनिक साधनांनी ताऱ्यांमधल्या विरळ वायूतलं क्षेत्र मोजतात ते पाच-सहा मायक्रोगॉसच्या घरात येतं. ७० वर्षांपूर्वी, कागद-पेन्सिलीवर!

मायक्रोगॉस म्हणजे किती, ते सांगतो. फोनमधला कंपास ज्याच्यावर चालतो ते पृथ्वीचं क्षेत्र आपल्या भागात साधारण ०.४ गॉस आहे. अवकाशातलं क्षेत्र त्याच्या ऐंशी हजाराव्या भागाइतकं. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र मोजणारी वेधशाळा पूर्वी मुंबईत कुलाब्याला होती, ती १९०४ मध्ये अलिबागला सुरू करावी लागली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्यामुळे मोजमाप बिघडलं असतं. ट्रामने बिघडतं ते पृथ्वीचं क्षेत्र! आणि आपण त्याच्या ऐंशी हजाराव्या भागाबद्दल बोलतोय, तेही शेकडो प्रकाशवर्षांवरून.

मग इतकं किरकोळ क्षेत्र ढगाचं काय वाकडं करणार? मलाही हेच वाटलं. म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. समजा ढगात दर घन सेंटिमीटरला ३०० कण आहेत, तापमान उणे २६३ अंश, आणि क्षेत्र १० मायक्रोगॉस. वायूचा स्वतःचा दाब काढला, चुंबकीय क्षेत्राचा दाब काढला. चुंबकाचा दाब दहापट निघाला! मी दोनदा तपासलं. गोष्ट अशी आहे, की ढग इतका विरळ आणि इतका गार असतो, की त्याच्या तुलनेत हे मरतुकडं वाटणारं क्षेत्र पैलवान ठरतं.

आता तुम्ही म्हणाल, वायूवर चुंबकाचा परिणाम होतोच कसा? हायड्रोजनला चुंबक चिकटत नाही. बरोबर. पण ढगात थोडे विद्युतभारित कण असतात. बाहेरून येणारे वैश्विक किरण रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. दाट ढगात असा भारित कण साधारण एक कोटीत एक असतो. फक्त एक! पण हे भारित कण चुंबकीय रेषेला बांधलेले असतात. तिच्याभोवती गिरक्या घेत तिच्या लांबीने पुढे-मागे जाऊ शकतात, तिला आडवं ओलांडू शकत नाहीत. आणि साध्या कणांना ते सतत धडकत राहतात. त्यामुळे अख्खा वायूच रेषांना बांधल्यासारखा वागतो.

तारेत ओवलेले मणी डोळ्यांसमोर आणा. लहान मुलांची पाटी असते ना, मणी सरकवून आकडे शिकायची, तशी. मणी तारेवरून हवे तितके सरकवा, काही अडचण नाही. पण दोन तारांवरचे मणी जवळ आणायचे तर तारा वाकवाव्या लागतील, आणि तारा उलट जोर लावणार.

इथे माझी समज बदलली. मी चुंबकीय क्षेत्राला नुसता ब्रेक समजत होतो, पण ते आधी वायूला वाट दाखवतं. ढग गोळा व्हायला लागतो तेव्हा वायू रेषांच्या लांबीने घरंगळत येतो, कारण तिकडून येणं फुकट आहे. आडवं येणं महाग. म्हणून ढग चेंडूसारखा गोल न होता चपटा होतो, लांबट होतो, धाग्यासारखा.

आणि हे खरंच दिसतं. युरोपचा प्लँक उपग्रह २००९ मध्ये गेला. त्याचं मुख्य काम विश्वाच्या सुरुवातीचा प्रकाश मोजणं. पण वाटेतली धूळ स्वतः मंद उष्णता सोडते आणि तीही पोलराइज्ड असते, त्यामुळे प्लँकने जाता जाता अख्ख्या आकाशातल्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा दिला. त्यातून जवळच्या दहा ढगांचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो छापून आला. विरळ भागात वायूचे धागे चुंबकीय रेषांना समांतर होते. दाट भागात, जिथे तारे जन्मतात तिथे, काटकोनात! एकाच ढगात घनता वाढत गेली की दिशा पालटते.

हे कुठे घडतं ते तुम्हाला बोटाने दाखवता येईल. हिवाळ्याच्या रात्री कृत्तिकांचा पुंजका ओळखा, मग जवळचा तांबूस रोहिणीचा तारा. या भागात वृषभेचा मोठा काळा ढग पसरलाय, साधारण ४५० प्रकाशवर्षांवर. नुसत्या डोळ्यांना ढग दिसत नाही. पण हर्शेल दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात बघितलं तेव्हा तिथे एक लांबलचक जाड धागा दिसला, आणि त्याला दोन्ही बाजूंनी काटकोनात येऊन मिळणारे बारीक बारीक तंतू. जाड धागा चुंबकीय रेषांना आडवा. बारीक तंतू रेषांना समांतर. मला ते चित्र बघून शेतातले चर आठवले. पाटाचं पाणी जसं चरांमधून येतं, तसा वायू त्या तंतूंवरून जाड धाग्यात येत असावा असं तिथल्या वायूच्या वेगांवरून दिसतं. आणि त्या जाड धाग्यावर ठिकठिकाणी गाठी पडल्यात. त्या गाठींत तारे जन्मतायत.

ठीक आहे. वायू गोळा झाला. आता पुढे? आता गुरुत्वाकर्षणाला तारा वाकवाव्या लागणार. जमेल का?

याला एक उंबरठा आहे. ढगातलं वस्तुमान आणि त्यातून जाणाऱ्या चुंबकीय रेषांचं प्रमाण, यांची तुलना करायची. वस्तुमान पुरेसं असेल तर गुरुत्वाकर्षण जिंकतं आणि रेषांना सोबत ओढत आत नेतं. कमी असेल तर कितीही बाहेरून दाबा, ढग कोसळत नाही. गंमत म्हणजे वायू आडवा दाबला तर हा हिशेब बदलतच नाही, कारण वायूबरोबर रेषाही आत येतात. मग उंबरठा ओलांडायचा कसा? एक वाट आपण आत्ताच बघितली: रेषांच्या लांबीने आणखी वायू आणत राहायचा. दुसरी वाट १९५६ मध्ये लिऑन मेस्टेल आणि लायमन स्पिट्झर यांनी सुचवली. भारित कण रेषांना धरून बसलेत, पण साधे कण काही बांधलेले नाहीत, फक्त धक्के खातायत. मग गर्दीतून वाट काढावी तसे ते हळूहळू भारित कणांमधून सटकतात आणि मध्याकडे जातात. रेषा मागे राहतात, वायू पुढे जातो. हे फार सावकाश चालतं, साधारण कोटभर वर्षं.

कोटभर वर्षं! म्हणजे ब्रेक सापडला की! १९७० पासून जवळजवळ दोन दशकं बऱ्याच लोकांची हीच समजूत होती. तारे सावकाश बनतात, कारण चुंबक वायूला सावकाश सोडतं. सुंदर, सुटसुटीत गोष्ट. मेसेजचं उत्तर मी इथेच संपवलं असतं तर तो पोरगा खूश झाला असता.

पण ती तशी टिकली नाही. ढगातल्या तरुण ताऱ्यांची वयं काढली तर बरेचसे जेमतेम काही लाख ते तीस-चाळीस लाख वर्षांचे निघतात. कोटभर वर्षं वाट बघत बसलेले ढग फारसे दिसतच नाहीत. म्हणून दुसरा गट पुढे आला. ते म्हणाले, ढगात प्रचंड खळबळ आहे, वायूचे प्रवाह आवाजापेक्षा वेगाने एकमेकांवर आदळतायत, ती खळबळच ढगाला तोलून धरते आणि तीच मध्येच कुठेतरी वायू दाबून तारेही बनवते. चुंबक असेल, पण दुय्यम. या दोन गटांचं भांडण बरीच वर्षं चाललं.

भांडण मिटवायचं तर क्षेत्राचा जोर थेट मोजायला हवा. दोरीचे हेलकावे हा अंदाज झाला. थेट मोजायची एकच खात्रीची पद्धत आहे. पीटर झेमन यांनी १८९६ मध्ये शोधलं, की चुंबकीय क्षेत्रात अणूने सोडलेल्या प्रकाशाची एक रेषा फाटून दोन-तीन रेषा होतात. क्षेत्र जितकं मोठं तितकी फट मोठी. ढगातल्या रेणूंच्या रेडिओ लहरींतही ही फट असते, पण इतकी बारीक, की लहरींच्या गोंगाटात बुडून जाते. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटर दुर्बिणीने रिचर्ड क्रचर आणि थॉमस ट्रोलंड यांनी ३४ काळ्या ढगांचे गाभे तपासले. साधारण ५०० तास निरीक्षण केलं. त्यातल्या नऊ ठिकाणी कुठे क्षेत्र सापडल्यासारखं वाटलं. ३४ पैकी नऊ. मला या आकड्याचा फार आदर वाटतो. २००८ मध्ये निकाल आला: सरासरीने या गाभ्यांनी उंबरठा ओलांडलेला होता, साधारण दुपटीने. म्हणजे गुरुत्वाकर्षण जिंकलेलं होतं, पण चुंबक अगदीच चिल्लर नव्हतं. अर्ध्या ताकदीचा प्रतिस्पर्धी.

क्रचर यांच्या मोजमापांतून आणखी एक गोष्ट निघाली. साधारण ३०० कण दर घन सेंटिमीटरपर्यंत वायू दाटत गेला तरी क्षेत्राची कमाल फारशी हलत नाही, १० मायक्रोगॉसच्या आसपासच राहते. त्यापुढे मात्र घनतेबरोबर क्षेत्रही वाढत जातं. मण्यांच्या पाटीवर याचा अर्थ लावून बघा. आधी मणी तारांवरून सरकत एकत्र आले, तारा होत्या तिथेच. मग वजन इतकं झालं, की तारांसकट सगळं आत ओढलं जाऊ लागलं.

अरेसिबोची दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली, तुम्ही कदाचित तो व्हिडिओ बघितला असेल. मला तो आजही पूर्ण बघवत नाही. नंतर चीनच्या गुइझोउ प्रांतातल्या ५०० मीटरच्या फास्ट दुर्बिणीने वृषभेतल्याच लिंड्स १५४४ या ढगाकडे नजर वळवली. या ढगाच्या गाभ्यात लवकरच तारा जन्मेल असं मानतात. लवकरच म्हणजे खगोलशास्त्राच्या भाषेत, घाई करू नका. २०२२ च्या सुरुवातीला निकाल छापून आला. गाभ्याच्या बाहेरच्या आवरणात क्षेत्र निघालं फक्त चार मायक्रोगॉसच्या आसपास, म्हणजे आजूबाजूच्या विरळ वायूत असतं साधारण तितकंच. आवरणात वायू दाटला होता, क्षेत्र मात्र वाढलं नव्हतं. याचा अर्थ, उंबरठा गाभा बनण्याच्या आधीच, आवरण बनतानाच ओलांडला गेला होता. जुन्या गोष्टीत कोटभर वर्षांची सावकाश सटकासटकी गाभ्यात व्हायची होती. निदान या ढगात तरी चुंबकाने वायूला बरंच आधी सोडून दिलेलं दिसतं.

एका ढगावरून सगळ्यांचा निकाल लावू नये, हे मान्य. पण मला विचाराल तर माझं मत आता असं झालंय: ढग कोसळू न देणारा एकटा चौकीदार म्हणून चुंबकाची भूमिका जरा वाढवून सांगितली गेली. अडीचशेचे दोन होण्यात खळबळीचा वाटा आहे, आणि नव्याने जन्मलेल्या मोठ्या ताऱ्यांचाही, जे आपल्याच ढगाला प्रकाशाने आणि वाऱ्याने उधळून लावतात. पण ढगाला आकार कोण देतं, वायू कुठल्या बाजूने येतो, गाठी कुठे पडतात, यात चुंबकाचा हात मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला.

गुरुत्वाकर्षण जिंकतं तेव्हा काय दिसतं, तेही सांगतो, कारण ते चित्र बघण्यासारखं आहे. ययाती नक्षत्रात, साधारण हजार प्रकाशवर्षांवर, एक नुकता जन्मत असलेला तारा आहे. हवाईतल्या दुर्बिणींच्या एका जाळ्याने २००६ मध्ये त्याच्या भोवतीच्या धुळीचं पोलरायझेशन टिपलं. चुंबकीय रेषा वरून सरळ येतात, मध्यभागी आत चिमटल्या जातात, खाली परत पसरतात. अगदी डमरू! गणिताने कित्येक वर्षं आधी सांगितलेला आकार, आणि तो तिथे खरोखर होता.

आता एक हिशेब, ज्याने माझी झोप उडवली. समजा ढगाची एक गाठ आहे, त्रिज्या तीन लाख कोटी किलोमीटर. ती कोसळून सूर्याएवढी झाली, त्रिज्या सात लाख किलोमीटर. रेषा सोबतच आल्या असं धरलं, तर क्षेत्र त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतं. १० मायक्रोगॉसने सुरुवात केली तर शेवटी ताऱ्यावर किती? जवळपास १८ कोटी गॉस! प्रत्यक्षात तरुण ताऱ्यांवर दोन-तीन हजार गॉस असतं. म्हणजे वाटेत कुठेतरी जवळजवळ सगळं चुंबकीय क्षेत्र मागे सुटतं. चुंबकाने आधी सोडलं म्हटलं ना मी? सगळं नाही सोडलं. शेवटच्या टप्प्यात, ताऱ्याभोवती तबकडी बनते त्या दाट अंधारात, जिथे भारित कण आणखी कमी होतात, तिथे ती मेस्टेल-स्पिट्झरची सटकासटकी परत कामाला येते. आणि ती येणं आपल्या फायद्याचं आहे. कारण रेषा घट्ट धरून राहिल्या, तर त्या फिरणाऱ्या वायूची गिरकी बाहेर वाहून नेतात. जुन्या साध्या गणितांत तर ती इतकी जायची, की ताऱ्याभोवती तबकडीच उरत नसे. तबकडी नाही म्हणजे ग्रह नाहीत. ग्रह नाहीत म्हणजे पॉडकास्टही नाही.

जाता जाता एक आपल्या जवळची गोष्ट. पुण्यात आयुका आहे, माहीतच असेल. तिथे वॉलॉप नावाची उपकरणं घडवण्याचं काम चाललंय, ताऱ्यांच्या प्रकाशाचं पोलरायझेशन मोजणारी. एक दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलँडच्या दुर्बिणीसाठी, दुसरं ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या स्किनाकास वेधशाळेसाठी. लाखो ताऱ्यांचं मोजमाप करायचा बेत आहे. प्रत्येक ताऱ्याचं अंतर गाया उपग्रहामुळे माहीत आहे, त्यामुळे जवळच्या ताऱ्याने किती गॉगल घातलाय, त्याच्या मागच्याने किती, असं थरांथरांत बघता येईल. आतापर्यंतचे नकाशे म्हणजे सगळं एकावर एक दाबून ठेवलेला फोटो. आता खोली कळेल. आणि यांचा मुख्य उद्देश काय, माहितीये? विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशासमोरून ही धूळ पुसून काढणं. ढगवाल्यांना तीच धूळ हवी आहे. हिल्टनर आणि हॉल यांच्यासारखंच झालं की हे.

तर, अकरावीतल्या मित्रा, सगळे ढग कोसळून संपले का नाहीत? कारण वायू आत आणायच्या वाटा ठरलेल्या आहेत, आत खळबळ आहे, आणि तारे जन्मले की उरलेला ढग उधळून लावतात. कोणाचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे, आणि तू बारावीनंतर या वादात पडलास तर मला आवडेल.

पुढच्या भागात त्या डमरूच्या मध्यातून बाहेर पडणाऱ्या फवाऱ्यांबद्दल बोलू. तोवर गॉगल आणि फोन घेऊन प्रयोग करा, पण गाडी चालवताना नको. भेटूया.